मी नसतानाची सरळ रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी माझ्या रसायनशास्त्राच्या मॅडमचं नाव घेतो. आईवडिलांनी केलं त्याला मी उपकार म्हणत नाही, ते वेगळं. मॅडमचं नाव मात्र इथे लिहीत नाही. छापलेल्या कागदावर स्वतःचं नाव दिसलं की त्या चुका काढायला लाल पेन शोधतात.

बारावीनंतर मी भामरागडकडच्या आमच्या गावातून चंद्रपूरला बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी निघालो, तेव्हा पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी होतं. पाणी उतरलं, एसटी सुरू झाली आणि मी कॉलेजात पोचलो, तोवर यादी लागून प्रवेश बंद झाले होते. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "पुढच्या वर्षी या" म्हणून सांगितलं. परतीची बस दुसऱ्या दिवशी होती. मी व्हरांड्यात पिशवीवर बसून राहिलो. मॅडम तिथून जात होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्या मला ओळखत नव्हत्या.

"काऊन रे, कोणाची वाट पाहून राह्यला?"

मी सांगितलं. त्या सरळ खिडकीकडे गेल्या.

"पूल बुडाला तर पोराने पोहत यायचं होतं का?"

"मॅडम, जागा नाई."

"माझ्या प्रॅक्टिकलला एक टेबल रिकामं आहे. मी रोज पाहून राह्यली. जागा नाई कशी?"

मग त्या मला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या, तिथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा माझ्या अर्जावर सही होती. त्या एका सहीने मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे एम.एस्सी. झालो आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. त्यांना मी आजवर कशालाही "नाही" म्हटलं नव्हतं. म्हणायचं मनातही आलं नव्हतं.

आमचं कॉलेज चंद्रपूरच्या कडेला आहे. मागच्या मैदानापलीकडे उघडी कोळसा खाण. मॅडमची प्रयोगशाळा त्याच बाजूला, तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब येत नाही. तिथे त्या स्फटिक वाढवत. मासे पाळायला लोक घेतात तशी काचेची मोठी टाकी, तिच्यात कोमट पाणी, पाण्यात एक रुंद तोंडाची बरणी आणि बरणीत क्षाराचं दाट द्रावण. त्यात नायलॉनच्या दोऱ्याला एक इवलासा स्फटिक बांधून सोडायचा. त्याला आम्ही 'बी' म्हणायचो. पाण्याचं तापमान रोज अगदी थोडं थोडं उतरवत न्यायचं, म्हणजे विरघळलेला क्षार हळूहळू त्या बीवर चढतो. सगळं नीट झालं तर आठवड्यामागून आठवडे जाऊन अंगठ्याएवढा, आरपार दिसणारा स्फटिक तयार होतो. नाही झालं तर बरणीच्या तळाशी बारीक खडे पडतात. त्यांना आम्ही 'पिल्लं' म्हणायचो. पिल्लं पडली की तीच सगळा क्षार खातात, आणि वरचा स्फटिक फल्लीदाण्याएवढाच राहतो, तोही ढगाळ.

आमच्या टाकीत पिल्लं पडायची. वर्षानुवर्षं. मॅडमनी पाणी बदललं, गाळणकागद बदलला, क्षार दुसऱ्या कंपनीचा मागवला, खिडक्यांच्या फटींना कापूस लावला. पिल्लं पडतच राहिली.

ती टाकी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. माझे तास सकाळीच संपायचे. मग डबा खाऊन मी टाकीसमोर स्टुलावर बसायचो ते संध्याकाळपर्यंत. गावाकडे धानाच्या राखणीला बसलेला माणूस मी. बसणं मला अवघड नव्हतं. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू झाला का ते पाहायचं, थर्मामीटर वाचायचा, हीटर जास्त तापला तर कमी करायचा. मॅडम वर्गावरून आल्या की दारातूनच विचारायच्या, "कसा आहे?" जणू घरात कोणी आजारी आहे. मी सांगायचो, "ठीक आहे मॅडम." त्या प्रश्नासाठी मी दुपारभर बसत होतो असं म्हटलं तरी चालेल.

मॅडमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. विद्यापीठाच्या नियमाने त्यांना आता पीएच.डी.चा एकच विद्यार्थी घेता येणार होता. ती जागा माझ्यासाठी होती. हे मी मनाने ठरवलेलं नव्हतं. त्यांनी एकदा टाकीत पाणी भरताना स्वतः म्हटलं होतं, "तू प्रवेश परीक्षा काढ. जागा मी तुह्यासाठी ठेवून राह्यली." मी परीक्षा काढली. नाव विद्यापीठाला पाठवणं तेवढं बाकी होतं.

त्याच वर्षी ती आली.

ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. जटपुरा गेटजवळ तिच्या वडिलांचं इन्व्हर्टर, मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. ती लहानपणापासून तिथे बसलेली, त्यामुळे वायर पाहिली की तिचा हात आपोआप पक्कडीकडे जातो. प्रकल्पासाठी ती मॅडमकडे आली आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडे, मग टाकीकडे, मग परत माझ्याकडे पाहून म्हणाली,

"सर, तुम्ही इथे रोज बसता?"

"हो."

"पूर्ण दुपार?"

"हो."

"बोअर नाही होत?"

मॅडम हसल्या. मी हसलो नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाला तिने एका शब्दात उडवून लावलं होतं, तेही वाईट हेतू न ठेवता. तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात ती जेवणाचा एक प्लास्टिकचा डबा घेऊन आली. डब्यात भाजीपोळी नव्हती, एक छोटं सर्किट होतं. डब्याला भोकं पाडून तिने तीन वायरी बाहेर काढल्या होत्या. एक सेन्सर टाकीच्या पाण्यात सोडला, तापमानासाठी. एक बरणीच्या झाकणाला आतून चिकटवला, तिथली वाफ आणि ओलावा मोजायला. तिसरा खोलीच्या भिंतीवर. डबा कॉलेजच्या वायफायला जोडला आणि मॅडमच्या मोबाइलमध्ये काहीतरी डाउनलोड केलं. थोड्या वेळाने मोबाइलच्या पडद्यावर तीन रंगांच्या तीन रेघा सरकायला लागल्या.

"म्हणजे मी घरी असली तरी दिसन?" मॅडमनी विचारलं.

"घरी काय मॅडम, तुम्ही काश्मीरला गेल्या तरी दिसेल. तापमान घसरलं की मोबाइल ओरडेल पण."

"मले ओरडणारा एक नवरा पुरे आहे," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी खूप वेळ हसत राहिल्या. मी थर्मामीटर वाचत होतो. पडद्यावर आकडा तोच होता. मी जो आकडा डोळे बारीक करून वाचायचो, तो आता दशांशापर्यंत आपोआप लिहून येत होता, आणि मी वाचलेला कोणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम दारातून आल्या. मी उठून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "दुपारी लाइट गेली होती ना? इन्व्हर्टरने चांगलं धरलं," आणि पर्स ठेवायला आत गेल्या. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. विचारायला काही उरलंच नव्हतं.

तिने व्हॉट्सअॅपवर आमचा तिघांचा एक ग्रुप केला. त्याचं नाव 'बरणी'. त्यात ती रोज सकाळी रेघांचा फोटो टाकायची. मॅडम त्यावर अंगठा पाठवायच्या. कधी अंगठ्याऐवजी फूल. मी ती फुलं मोजत नव्हतो, पण लक्षात राहायची. मला मॅडमनी इतक्या वर्षांत फूल पाठवलं नव्हतं. पाठवायची गरजच पडली नव्हती, मी समोरच असायचो. स्वतःला तसं समजावून पाहिलं, जमलं नाही.

हेवा काय असतो ते मला तेव्हा नीट कळलं. गावात माझ्या वर्गातला एक मुलगा माझ्याआधी शिपाई भरतीत लागला होता, तेव्हाही मला वाईट वाटलं होतं. पण त्याला जे मिळालं ते माझं नव्हतं. इथे माझ्याच स्टुलासमोर बसून, माझ्याच बरणीत वायर सोडून, माझ्याच मॅडमला कोणीतरी हसवत होतं. आणि तीही प्रवेश परीक्षा पास झाली होती. हे मला मॅडमनी सांगितलं नाही, ऑफिसातल्या बाबूंनी सांगितलं. "आता दोन झाले की तुमच्याकडे, अन जागा एकच!" ते मजेत म्हणाले. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचा मी त्या जागेशी हिशोब लावायला लागलो.

मॅडमची मुलगी नागपूरला असते. तिचं पहिलं बाळंतपण झालं आणि मॅडम तिकडे गेल्या. याआधी टाकी चालू असताना मॅडम कुठे जात नसत. दिवाळीतही रोज एकदा येऊन टाकी पाहून जायच्या. या वेळी मात्र निवांत राहिल्या. एका रविवारी त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला: मांडीवर नात आणि हातातल्या मोबाइलवर आमच्या टाकीच्या रेघा. खाली लिहिलं होतं, "दोघी शांत झोपल्या आहेत." फोटो कोणाच्या मनात भरला नसता? माझ्याही भरला. आणि तरी पहिला विचार आला तो हाच, की मी इतकी वर्षं टाकी सांभाळली, पण माझ्या भरवशावर मॅडम कधी मुलीकडे राहायला गेल्या नव्हत्या. एका डब्याच्या भरवशावर गेल्या.

मग धान कापणीला मी गावी गेलो. टाकीत नवीन बी सोडलं होतं. प्रयोग सुरू असताना मी इतके दिवस लांब राहिलो, हे पहिल्यांदाच. आमच्या गावात नेटवर्क सगळीकडे नाही. नाल्याच्या पलीकडे चढ आहे, तिथे मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर येतं. बांधावरून सुटलो की मी तिकडे जायचो. हातापायाला धानाचं कुसळ, आणि मोबाइलवर चंद्रपूरच्या टाकीची रेघ. एकदा आई पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर घेऊन तिथून चालली होती.

"काय पाहून राह्यला रे? कोणाचा फोन आहे?"

"फोन नाई. टाकी पाहतो."

"कोणाची टाकी?"

"कॉलेजची."

"तिथी कोण आहे मंग?"

"कोणी नाई."

"कोणी नाई, तं तू इथूनशान पाहून काय करतं?"

आई पुढे गेली. मी रेघा पाहत राहिलो. त्या सरळ होत्या. तापमानाची रेघ तर उतरतच जाते, पण झाकणाखालच्या वाफेची रेघसुद्धा सरळ, एकदाही थरथरली नव्हती. मी नव्हतो, स्टूल रिकामं होतं, आणि सगळं नीट चाललं होतं. काहीतरी बिघडावं असं मला वाटत होतं असं नाही. पण थोडंसं, एखादं टोक, एखादा खड्डा दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

परत आलो तेव्हा मॅडम नागपूरहून आलेल्या होत्या आणि बरणीतून स्फटिक काढून त्यांनी तो खिडकीत धरला होता. पलीकडची खाणीची माती, तिच्यावरचे ट्रक, सगळं त्यातून दिसत होतं. तळाशी एकही पिल्लू नव्हतं.

"पाह्य," मॅडम म्हणाल्या. "काच आहे, काच!"

इतक्या वर्षांतला सगळ्यात चांगला स्फटिक मी नसताना झाला. मी "अभिनंदन मॅडम" म्हणालो. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्या तिच्याकडे पाहत होत्या.

लगेच दुसरं बी सोडलं. मी स्टुलावर परत बसलो. आता तर हट्टाने बसलो, सकाळचा शेवटचा तास संपला की डबा खायलासुद्धा न जाता. थोड्याच दिवसांत तळाशी पिल्लं दिसली.

तिने मला व्हरांड्यात गाठलं. हातात मोबाइल होता.

"सर, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"दुपारी तुम्ही बरणीच्या झाकणाला हात लावता का?"

"नाही."

"म्हणजे कधी चुकून..."

"मी इतकी वर्षं हे काम करतो. झाकणाला हात लावायचा नाही हे मीच तुला सांगितलं होतं."

"हो, मला माहीत आहे. पण हे बघा ना." तिने रेघ दाखवली. झाकणाखालची वाफेची रेघ रोज दुपारी एकदा टोक काढून खाली येत होती. "हे तुम्ही गावाला गेले तेव्हा नव्हतं. तुम्ही आले अन परत सुरू झालं."

माझं डोकं तापलं. विद्यापीठाला नाव पाठवायचे दिवस जवळ आले होते, आणि नेमकं आताच हिला हे सापडलं.

"मॅडमला दाखवलंस?"

"नाही सर. पहिले तुम्हाला दाखवून राहिली."

"काऊन? दाखव ना. जा, दाखव. तुला जागा पाहिजे, मला माहीत आहे."

ती म्हणाली, "जागा तर मला पाहिजेच आहे सर. पण मी म्हणून नाही राहिली की तुम्ही खोटं बोलता. मला फक्त टोक कशाचं आहे ते पाहिजे."

तिने मला आधी दाखवलं, मॅडमना नाही. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. तिच्या चांगुलपणाचासुद्धा मला हेवा वाटला, यावरून माझी अवस्था समजावी.

मीच मग मॅडमना सांगितलं. म्हटलं, तुम्ही दोघी बसा, मी रोजच्यासारखा बसतो, बघा मी हात लावतो का. मला खात्री होती. मॅडमनी चहा मागवला. त्या टेबलाशी बसल्या, ती बाटल्यांच्या कपाटाला टेकून उभी राहिली, मी स्टुलावर. तिच्या मोबाइलवर रेघ सरळ चालली होती. आम्ही कशाबद्दल तरी बोलत होतो, बहुतेक कॉलेजच्या गॅदरिंगबद्दल.

आणि खाणीतला ब्लास्ट झाला.

चंद्रपूरकडच्या माणसाला हा आवाज म्हणजे आवाज नाहीच. दुपारी खाणीत सुरुंग उडतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, आणि कोणी बोलणंसुद्धा थांबवत नाही. त्या दिवशीही कोणी थांबलं नाही. मॅडम बोलता बोलताच म्हणाल्या, "...अन मागच्या वर्षी माइकच बंद पडला," आणि त्यांचा हात बशीवर होता. कप वाजू नये म्हणून. ती कपाटाशी उभी, तिची पाठ बाटल्यांना आणि एक पंजा वरच्या ओळीवर. आणि माझा हात बरणीच्या झाकणावर होता. सपाट, घट्ट, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

मी तो तिथे कधी ठेवला ते मला माहीत नाही. आजही आठवत नाही.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. टोक आलं होतं.

आम्ही सगळे पहिल्यांदाच आपापल्या हातांकडे पाहत होतो. मॅडम बशीवरच्या हाताकडे पाहून हसायला लागल्या, ती हसली, हसता हसता म्हणाली, "माझे अब्बा तर काउंटरवरचे सगळे स्क्रू झाकतात दोन्ही हातांनी! आम्हाला कधी विचित्रच नाही वाटलं." मी हसलो नाही.

मग सगळं सरळ होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात. टाकी मॅडमनी वाळूच्या ट्रेवर ठेवलेली होती, खाली जुन्या टायरची ट्यूब. ब्लास्टचा धक्का बरणीपर्यंत जेमतेम पोचायचा. धक्क्याने काही होत नव्हतं. मी झाकण दाबलं की ते किंचित सरकायचं, कडेला चढून सुकलेला क्षार आणि थेंब खाली पडायचे, आणि त्यातून पिल्लं. मी टाकीला जपत होतो आणि जपण्यानेच ती बिघडत होती. रोज. इतकी वर्षं. मॅडमनाही ते दिसलं नव्हतं, कारण त्यांचाही हात त्याच वेळी कुठेतरी असायचा. ते दिसायला असा कोणीतरी पाहिजे होता ज्याला हात नाहीत. जेवणाचा डबा.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. उलट चहा घे म्हणाल्या. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "हे तर पेपरात लिहायसारखं आहे, नाई?" आणि दोघी त्यावर बोलायला लागल्या. मी तिथेच बसलो होतो. त्यांच्या बोलण्यात मी 'ऑपरेटर' होतो.

दोन-तीन दिवसांनी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"पाह्य, जागा एकच आहे," त्या म्हणाल्या. "मी तुले शब्द दिला होता. तो मी विसरली नाई. पण खोटं कशाला बोलू, हे काम ती पुढे नेईन असं मले वाटून राह्यलं. गडचिरोलीला एक सर आहेत, ते तुमच्यापैकी एकाला घ्यायले तयार आहेत. विषय वेगळा आहे, विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. चांगला विषय आहे. आता तू सांग."

मी तोंड उघडलं.

"थांब. आता नको सांगू. तू तोंडावर कधी नाई म्हणतच नाई. मी छतावरून उडी मार म्हटलं तरी 'हो मॅडम' म्हणशील. घरी जा, लिही, अन पाठव. खरं ते लिही. तू लिहिशील तसं मी करीन."

खोलीवर जाऊन मी पहिलं पत्र लिहिलं ते फार चांगलं होतं. त्यात मी जागा तिला देऊन टाकली होती, विज्ञानाच्या प्रगतीसाठी. त्यातला माणूस मला वाचताना आवडला, पण तो कोण ते मला ओळखता येईना. ते फाडलं. मग पुढचं लिहिलं आणि सकाळी मॅडमना पाठवलं. ते असं होतं.

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

ती जागा मला हवी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण खाली जाईपर्यंत मी ते पुसून टाकीन.

ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला मान्य आहे. तिने काही महिन्यांत जे शोधलं ते मी वर्षानुवर्षं समोर बसून पाहिलं नाही. तुम्हाला ती हे काम पुढे नेईल असं वाटतं, तेही बरोबर असेल. तरी जागा मला हवी आहे. फ्लोराइडचा विषय मला कमी वाटत नाही. आमच्या बाजूच्या गावांत त्याने पिवळे पडलेले दात मी पाहिले आहेत. पण मला स्फटिकच वाढवायचा आहे. आधी मला वाटायचं की टाकीजवळ बसणं म्हणजेच काम. ती रेघ पाहिल्यावर कळलं की मी नुसता बसलो होतो, पाहिलं काहीच नव्हतं. म्हणून आता हे काम मला पहिल्यापेक्षा जास्त हवंसं झालं आहे.

मला तिचा हेवा वाटतो. तुम्ही तिच्या मोबाइलमध्ये डोकावून हसता तेव्हा वाटतो, आणि ग्रुपवर तुम्ही तिला फूल पाठवता तेव्हाही. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही खरं लिही म्हणालात. या हेव्यामुळे जागा मागत नाही, असं लिहिणार होतो. ते पूर्ण खरं नाही. थोडं त्याच्यामुळेही मागतो.

तुमच्यामुळे मी कॉलेजात आलो. त्यामुळे तुम्हाला नाही म्हणणं म्हणजे ते विसरणं, असं मी समजत होतो. तुम्ही काल मला विचारलंत आणि माझ्या तोंडात "तिला द्या मॅडम" तयार होतं. ते कृतज्ञतेने आलं नव्हतं, भीतीने आलं होतं. मी नाही म्हटलं तर तुम्ही मला पुन्हा व्हरांड्यात बसवाल अशी काहीतरी लहान मुलासारखी भीती. तुम्ही तसं करणार नाही हे मला माहीत आहे, तरी.

जागा मला मिळाली तर तिचा डबा टाकीला तसाच राहू द्या. तो चालवायचं मी तिच्याकडून शिकेन, आणि शिकव असं तिला मी स्वतः विचारेन, तुम्ही सांगू नका. तिने जे शोधलं त्याचा पेपर तिचाच. त्यात माझं नाव घालू नका. दुपारचे तास मी वेळापत्रकात मागून घेतले आहेत, म्हणजे सुरुंगाच्या वेळी मी वर्गावर असेन.

गडचिरोलीचे सर तिला घेतील का, तिथे तिला जाणं-येणं जमेल का, हे मी विचार न करता मागतो आहे असं नाही. विचार केला. तिला माझ्यापेक्षा लवकर दुसरी वाट सापडेल असं मला वाटतं. हे माझ्या सोयीचं वाटणं आहे का, ते मला ठरवता आलं नाही. तुम्ही ठरवा.

एक विनंती आहे. निर्णय आम्हा दोघांना समोर बसवून एकदमच सांगा. मला आधी एकट्याला बोलावू नका. तिने रेघ मला आधी दाखवली होती. यात तरी आम्ही बरोबरीने असावं.

आपला विद्यार्थी